हृदय सुरू झाले, पुढे काय?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये देशभर सीपीआर जागरूकता सप्ताह पाळला. शपथा घेण्यात आल्या, कार्यालयांतून प्रात्यक्षिके झाली, पुतळ्याची छाती दाबणाऱ्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे निघाली. चांगले झाले! बंद पडलेले हृदय दोन हातांनी चालते ठेवता येते, एवढी गोष्ट जरी चार लोकांना कळली असेल तरी सप्ताह वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत वकिली करताना व चळवळीत वावरताना जो प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो, तो या सप्ताहात कोणी विचारला नाही. हृदय पुन्हा सुरू झाले, रुग्ण आयसीयूत दाखल झाला, दारावर काच लागली. त्या माणसाचे पुढे काय होते?

आपल्याकडे ‘अटॅक आला’ एवढ्या दोन शब्दांत सगळे आटोपते. वस्तुतः या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत कळा येतात, घाम फुटतो. अकस्मात हृदय बंद पडणे, ज्याला डॉक्टर कार्डियाक अरेस्ट म्हणतात, त्यात हृदयाची लयच बिघडते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, म्हणून गोंधळ होतो. दुसऱ्या प्रकारात खरा धोका मेंदूला असतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा त्याला लागतो. चार-पाच मिनिटे रक्त मिळाले नाही की मेंदूच्या पेशी मरू लागतात. छाती दाबली गेली नाही आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे दहा मिनिटांत जवळजवळ सारे संपते.

मराठी नट श्रेयस तळपदे यांचे उदाहरण सर्वांना आठवत असेल. १४ डिसेंबर २०२३ रोजी चित्रीकरण आटोपून घरी आल्यावर त्यांना त्रास सुरू झाला. पत्नीने मोटारीत घालून अंधेरीचे रुग्णालय गाठले. हृदय काही काळ बंद होते, छाती दाबून आणि विजेचे झटके देऊन डॉक्टरांनी ते सुरू केले, असे त्यांनी स्वतः नंतर सांगितले. अँजिओप्लास्टी झाली, आठवडाभरात घरी गेले आणि पुढे कामावरही परतले. आनंदाची गोष्ट आहे. पण हृदय थांबले ते रुग्णालयाच्या दाराशी, हा भाग विसरता कामा नये. हेच जत तालुक्यातील एखाद्या ऊसतोड मजुराचे उसाच्या फडात घडले असते तर?

दुसरे उदाहरण परदेशातील आहे, पण आमच्या मुद्द्यासाठी त्याहून बोलके आहे. हॉलंडच्या आयाक्स या फुटबॉल क्लबचा २० वर्षांचा खेळाडू अब्देलहक नूरी जुलै २०१७ मध्ये एका मैत्रीपूर्ण सामन्यात मैदानावर कोसळला. वैद्यकीय पथक हजर होते. परंतु त्याने श्वासनलिकेकडे लक्ष दिले आणि हृदयाकडे उशिरा. मैदानावरचे उपचार अपुरे होते, हे क्लबने २०१८ मध्ये उघडपणे मान्य केले. नूरी जगला, पण मेंदूची कायमची हानी होऊन. घरच्यांनाच त्याचे सारे करावे लागते. याच क्लबमधून पुढे आलेला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला. त्याची छाती तत्काळ दाबली गेली, विजेचा झटका तिथेच दिला गेला. तो आठवड्याच्या आत चालत घरी गेला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत पुन्हा खेळू लागला. दोघेही तरुण, दोघांच्या देशांत उत्तम आयसीयू. फरक पडला तो मैदानावरील पहिल्या काही मिनिटांत.

आयसीयूत काय करता येते, याचाही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कसून तपास झाला आहे. २००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातील दोन अभ्यासांनी सांगितले की बेशुद्ध रुग्णाचे शरीर ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंड केले तर मेंदू वाचण्यास मदत होते. मोठी आशा निर्माण झाली. पुढे २०१३ आणि २०२१ च्या मोठ्या चाचण्यांत मात्र ३३ अंशांपर्यंत थंड केल्याने अधिक लाभ दिसला नाही. ताप चढू न देणे हेच महत्त्वाचे ठरले. २०२१ च्या चाचणीत सुमारे १,९०० रुग्ण होते. सहा महिन्यांत त्यांतील जवळपास निम्मे दगावले. पण जे वाचले त्यांच्यापैकी बहुतेक स्वतःचे स्वतः करण्याइतके बरे झाले. यात एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या रुग्णांपैकी दहांतील सुमारे आठ जणांची छाती रुग्णवाहिका येण्याआधीच कोणीतरी दाबलेली होती. जागतिक दर्जाच्या आयसीयूतही जे निम्मे वाचले, ते असे वाटेतच अर्धे वाचवून आणलेले रुग्ण होते.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे पाहू. मिरज ही रुग्णालयांची नगरी. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचे रुग्णालय काढले, १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील यांच्या नावाचे सिव्हिल आहे. कराड आणि साताऱ्यातही मोठी रुग्णालये आहेत. साताऱ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ पासूनचे. खाटा आणि यंत्रे यांबाबत महाराष्ट्रातील कित्येक जिल्ह्यांपेक्षा आपण बरे आहोत. पण हे सारे महामार्गाच्या आणि कृष्णाकाठच्या पट्ट्यात. जतहून मिरज जवळपास ऐंशी किलोमीटर, उमदीसारखी गावे त्याहून पलीकडे. माण, खटाव, आटपाडी, शिराळा, पाटण यांची गत फार निराळी नाही. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत उपकरणांच्या होत्या. म्हणजे चारांतली एक.

कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांना तर आधी लाँच गाठावी लागते. खिरखंडी गावच्या मुली होडी वल्हवत शाळेत जातात ही बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या त्याच भागातील गावी दोन हेलिपॅड आहेत, याची आठवण न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने त्या वेळी शासनास करून दिली. हेलिकॉप्टरला हरकत नाही. पण होडीतून येणाऱ्या बेशुद्ध माणसाची छाती कोण दाबणार, हा प्रश्न शाळेत जाणाऱ्या मुलींच्या प्रश्नाइतकाच खरा आहे.

रुग्णवाहिका दहा मिनिटांत येणार नसेल तर त्या दहा मिनिटांत शेजारी असलेला माणूस हाच डॉक्टर. आणि तो काय करतो? फीट आली समजून कांदा हुंगवतो, चप्पल हुंगवतो, तोंडात पाणी ओततो. कोणी अंगात आले म्हणतो. कोसळलेला माणूस मिनिटभर आचके देतो. त्याला लोक श्वास समजतात आणि ‘श्वास चालू आहे’ म्हणून हातावर हात ठेवून बसतात. आचके म्हणजे श्वास नव्हे. हाक मारून, हलवून माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. तोंडाला तोंड लावून श्वास देता आला नाही तरी नुसती छाती दाबण्यानेही जीव वाचतो. भारतातील भूलतज्ज्ञांच्या चळवळीने सामान्य लोकांसाठी हीच पद्धत पुढे आणली आहे.

इथे आम्हास एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मधील मसूर स्टेशनची हकिकत सातारकरांना पाठ आहे. त्याच लिखाणात काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. वस्तीबाहेर आणल्यावर आला, पण थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला, नवऱ्याने पत्नीला. न्यूमोनिया आहे असे हात न लावताच सांगून तो गेला, पुन्हा आला नाही. ती दगावली. ही हकिकत १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आली होती. छाती दाबणे हा उपचारच मुळी स्पर्शाचा आहे. त्यात थर्मामीटर मध्ये घालता येत नाही! आज दवाखान्यात कोणी असे वागत नाही असे म्हणणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही. पण वेशीवर कोसळलेल्या अनोळखी, घामेजलेल्या, मळक्या कपड्यांतील माणसाभोवती कडे करून लोक मोबाइल काढतात आणि हात कोणी लावत नाही, हे आम्ही पाहिले आहे. तेव्हा प्रशिक्षण वेशीच्या दोन्ही बाजूंना हवे.

काही जण पोलिसांच्या भीतीने पुढे येत नाहीत. ‘दाबताना बरगडी मोडली, माणूस दगावला, तर केस आमच्यावर,’ असे म्हणतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्यास संरक्षण देते, पण ते वाहन अपघातापुरते. बाजारात कोसळलेल्या माणसास ते लागू नाही. मात्र भारतीय न्याय संहितेचे कलम ३० आहे. जुन्या दंड संहितेत ते कलम ९२ होते. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्हेतूने केलेली कृती त्याने गुन्हा ठरत नाही. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. तरीही १३४-अ सारखे स्पष्ट संरक्षण प्रत्येक वैद्यकीय आणीबाणीस मिळावे, अशी मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या आमदार-खासदारांनी करण्यास काय हरकत आहे? आणि समता सैनिक दलाने १४ एप्रिल, ६ डिसेंबर, १ जानेवारीच्या गर्दीसाठी आपल्या सैनिकांना हे प्रशिक्षण द्यावे. शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता आयसीयूच्या दाराशी येऊ, कारण गरिबांचा खरा घात इथे होतो. हृदय सुरू झाल्यावरही रुग्ण बेशुद्ध असतो. तो जागा होईल की नाही, हे किती लवकर सांगता येते? जगभरच्या तज्ज्ञांचे मत असे की किमान ७२ तास उलटल्याखेरीज निर्वाणीचा निष्कर्ष काढू नये. झोपेची औषधे उतरली पाहिजेत, ताप नसला पाहिजे. मग बुबुळांची प्रतिक्रिया, मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, स्कॅन असे अनेक पुरावे एकत्र पाहावेत. एकाच खुणेवरून निकाल देऊ नये. काही रुग्ण आठवड्यानंतर, क्वचित त्याहूनही उशिरा जागे होतात. उलट सर्व पुरावे एका दिशेचे असतील तर नातेवाइकांना खोटी आशा दाखवून बिल वाढवत नेणे हाही अन्यायच.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दुष्काळी तालुक्यातील चाळिशीचा हमाल. बाजारात कोसळला, कोणीतरी छाती दाबली, खासगी रुग्णालयात हृदय सुरू झाले. व्हेंटिलेटर लागला. पहिल्या दिवशी घरातले होते ते गेले, दुसऱ्या दिवशी बायकोचे डोरले गहाण पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी ‘पैसे भरा नाहीतर घेऊन जा’ असे सांगण्यात आले आणि भावाची सही घेतली गेली. खासगी गाडीतून नेताना भाऊ वाटभर हाताने फुगा दाबत होता. रात्री माणूस गेला. कागदावर लिहिले होते: वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, नातेवाइकांच्या इच्छेनुसार डिस्चार्ज. रुग्णालयाच्या भाषेत यास ‘डामा’ म्हणतात. तो वाचलाच असता असे आम्ही म्हणत नाही. पण तो वाचणार नाही, हे तिसऱ्या दिवशी सकाळी कोणालाही ठाऊक नव्हते. ७२ तास पुरे झालेलेच नव्हते! त्याचा निकाल पाकिटाने लावला आणि कागदाने तो नातेवाइकांच्या इच्छेवर ढकलला.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. कृत्रिम जीवनरक्षक उपचार थांबवायचे तर रुग्णालयाचे प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांचे मत घ्यावे लागते; ही पद्धत २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सोपी झाली. किती काळजीपूर्वक आखलेली ही व्यवस्था! आणि खाली तालुक्याच्या ठिकाणी तोच निर्णय बिलाच्या खिडकीशी पाच मिनिटांत होतो. डामाच्या प्रत्येक कागदावर किती तास झाले, कोणत्या तपासण्या झाल्या आणि पैशाखेरीज दुसरे कारण होते काय, हे लिहिणे बंधनकारक करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैशाचे म्हणाल तर मार्ग अगदीच नाहीत असे नाही. १९८९ चा परमानंद कटारा आणि १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समिती या दोन निकालांनी तातडीचा उपचार हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काशी बांधला. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत, शिवाय बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आहे. तातडीच्या रुग्णास आधी दाखल करून घ्यायचे, अनामत मागायची नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्यात आली. ज्या जोतीरावांचे मूळ गाव कटगुण याच सातारा जिल्ह्यात, त्यांच्या नावाची योजना कटगुणच्या माणसाला मध्यरात्री उपयोगी पडते की नाही, हे पाहिले पाहिजे. योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. कागदपत्रे हाताशी नसली तरी दूरध्वनीवरून नोंद घेऊन उपचार सुरू करता येतात. पहिल्याच तासात त्याला गाठावे. तिसऱ्या दिवशी डोरले गहाण टाकल्यावर नव्हे.

परंतु योजनेचा सारा भर रुग्णालयातील मुक्कामावर आहे. माणूस चालत घरी आला की शासनाच्या दृष्टीने तो बरा झाला. तो खरोखर बरा झालेला असतो काय? वाचलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना स्मरण, एकाग्रता, कामाची आखणी यांत अडचण येते. गाडीवान वाट विसरतो, दुकानदार उधारी विसरतो, शांत माणूस चिडखोर होतो. प्रचंड थकवा, उदासी, पुन्हा तसेच होईल ही भीती असते. पत्नीलाही रात्री झोप लागत नाही. ती नवऱ्याचा श्वास मोजत बसते. गावातले म्हणतात, ‘धडधाकट दिसतो की, काम का करत नाही?’ अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने २०२० मध्ये जीव वाचवण्याच्या साखळीला ‘पूर्ववत होणे’ ही नवी कडी जोडली. घरी सोडण्यापूर्वी तपासणी आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा भेट, असे युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आपल्याकडे आशाताईंच्या वहीत या रुग्णांसाठी एक रकाना घालायला कितीसा खर्च येणार?

जो सरकारी, निमसरकारी नोकरीत आहे त्याने घाईने राजीनामा देऊ नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेने काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. मात्र हा कायदा नगरपालिकेच्या कायम सफाई कामगारास उपयोगी पडतो आणि त्याच गटारात उतरणाऱ्या कंत्राटी कामगारास बहुधा पडत नाही. कंत्राटाने केवळ पगार कमी केलेला नाही, आजारी पडण्याचा हक्कही काढून घेतला आहे.

आणि जो जागाच होत नाही, त्याचे काय? केईएममध्ये अरुणा शानबाग यांना १९७३ च्या त्या हल्ल्यानंतर परिचारिकांनी २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षे सांभाळले. तिथे हृदयविकार नव्हता, गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला होता. पण परिणाम तोच. एवढी सेवा घरी एकट्या बायकोने करायची, तीही मजुरी बुडवून. त्यात नवऱ्याचे बँक खाते त्याच्या सहीवाचून उघडत नाही. कोमातील सज्ञान माणसासाठी पालक नेमण्याची स्वतंत्र तरतूद आपल्या कायद्यांत नाही. म्हणून उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली दाद मागावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि मुंबई उच्च न्यायालयानेही अशा प्रकरणांत जवळच्या नातेवाइकास पालक नेमले आहे. पूर्वी यासाठी मुंबईच्या चकरा माराव्या लागत. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले; सातारा आणि सांगली त्याच्याच कक्षेत येतात. अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मालमत्तेची व खात्यांची यादी आणि इतर वारसांची लेखी संमती तयार ठेवावी. वकिलाची फी नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, स्त्रीस आणि दिव्यांगास तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.